गांधीलमाशीच्या पोटात

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये पाऊल ठेवले की ज्याच्या पोटात ढवळू लागते, अशा माणसाने युद्धनौकेवर लेख लिहावा हा प्रकार वाचकांना थोडा विनोदी वाटेल. मलाही तो वाटतो. गेली वीस वर्षे मी मुंबईच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. शस्त्रास्त्रांशी माझा संबंध म्हणजे लहानपणी दिवाळीत उडविलेले टिकल्यांचे पिस्तूल, एवढाच. पण २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेल्या एका अजस्र युद्धनौकेच्या पोटात मी शिरलो, चार तास तिच्यात हिंडलो, आणि बाहेर पडलो तेव्हा ज्या कामासाठी मला तिकडे धाडण्यात आले होते ते माझ्या हातून झालेले नव्हते.

काम असे होते. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीतल्या एडिसन या गावी राहते. एडिसनमध्ये मराठी माणसाला परदेशी आल्यासारखे मुळीच वाटत नाही. पातळ पोह्यांपासून कोकम आगळापर्यंत सगळे तिथे मिळते. फक्त भाव ऐकताना त्याला मनातल्या मनात रुपयांनी गुणायचे नाही, एवढे पथ्य पाळावे लागते. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो. पहिल्याच रात्री जेवणे आटोपल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावले आणि फ्रिजच्या दाराकडे बोट दाखविले. दारावर गणपतीच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली एक छापील कागद लटकत होता.

"वाच."

माझ्या भाच्याला घरात सोन्या म्हणतात. हा सोन्या सहा फूट उंच आहे आणि घराच्या प्रत्येक दारातून जाताना सवयीने मान लववितो. त्याला मरीन व्हायचे होते. मरीन म्हणजे जहाजातून जाऊन परक्या किनाऱ्यावर उतरणारा आणि तिथे जमिनीवर लढणारा सैनिक. अमेरिकेत अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आपल्या मर्जीने सैन्यात जाता येते. सतराव्या वर्षी जायचे तर आईबापांची लेखी संमती लागते. सोन्याला अठरा पुरी होणार होती डिसेंबरात, आणि त्याला जायचे होते शाळा संपताच, त्याच उन्हाळ्यात. कागदावर मेहुण्यांची सही झालेली होती. तिच्या शेजारची जागा कोरी होती.

"मी सही नाही केली तर डिसेंबरात तो जाणारच," बहीण म्हणाली. "फक्त मला डावलून जाईल. दादा, तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो."

बहिणीचा हा समज मी मोडला नाही. भावाला असे समज मोडवत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस नौदलाचा एक सप्ताह साजरा होतो. त्याला फ्लीट वीक म्हणतात. हडसन नदीच्या धक्क्यांना युद्धनौका लागतात, पांढऱ्या गणवेशातले खलाशी शहरभर हिंडतात, आणि जनतेला फुकट जहाजे पाहायला मिळतात. त्या वर्षी 'वास्प' आली होती. सोन्याने मला सहज विचारले, "मामा, येतोस?" बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "येतो की!"

एडिसनहून आगगाडीने पेन स्टेशन, आणि तिथून पश्चिमेला नदीपर्यंत पायी, असा आमचा मार्ग. वाटेत सोन्या माझ्यापुढे दोन पावले चालत होता आणि दर चौकात माझ्यासाठी थांबत होता. ८८ क्रमांकाच्या धक्क्याजवळ पोचलो तेव्हा माणसांची रांग पाहून मला लालबागच्या राजाची आठवण झाली. बाबागाडीतली मुले, काठी टेकीत आलेले म्हातारे, जुन्या युद्धात जाऊन आल्याची टोपी घातलेले आजोबा. थोड्याच अंतरावर ८६ व्या धक्क्याला 'इंट्रेपिड' हे जुने विमानवाहू जहाज कायमचे उभे आहे. १९४३ साली नौदलात आलेल्या या जहाजावर दुसऱ्या महायुद्धात जपानी वैमानिकांनी आपली विमाने आणून आदळली. तरीही ते तगले, आणि १९८२ पासून त्याचे संग्रहालय झाले आहे.

ते पाहून मला आपल्या 'विक्रांत'ची आठवण झाली. बहिणीचे लग्न ठरल्यावर, ती अमेरिकेला जाण्यापूर्वी, मी तिला 'विक्रांत' दाखवायला नेले होते. उन्हाने कंटाळून तिने अर्ध्या डेकवरूनच वडापावची आठवण काढली होती. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात नाव कमावलेले ते जहाज काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभे राहिले, २०१२ साली ते लोकांना बंद झाले आणि २०१४ साली दारूखान्यात त्याची मोडतोड सुरू झाली. त्याचे पोलाद वितळवून पुढे एका कंपनीने मोटारसायकली काढल्या. आमच्या महाविद्यालयातले एक ग्रंथपाल त्यांतल्या एकीवरून येत असत, आणि ती सुरू होत नसे तेव्हा आम्ही म्हणायचो, "विक्रांत आज बंदरातच!"

रांग हळूहळू सरकत होती. मी नावाचा विचार करीत होतो. वास्प म्हणजे गांधीलमाशी. आपण जहाजांना विक्रांत, विराट अशी नावे देतो. या लोकांनी चाळीस हजार टनांच्या जहाजाला गांधीलमाशी म्हणावे! सोन्याने सांगितले की अमेरिकन नौदलातले या नावाचे हे दहावे जहाज. याच्या आधीची एक 'वास्प' १९४२ च्या सप्टेंबरात जपानी पाणबुडीने पॅसिफिक महासागरात बुडविली. हिची बांधणी मिसिसिपी राज्यातल्या पास्कागूला येथे झाली आणि १९८९ साली ही नौदलात आली. म्हणजे जहाज सोन्याच्या दुप्पट वयाचे.

या जातीच्या जहाजाला इंग्रजीत जे विशेषण लावतात त्याचे सरळ मराठी 'उभयचर'. हा शब्द आपण सगळे शाळेत बेडकापाशी शिकलो. पण बेडूक स्वतः पाण्यातून जमिनीवर येतो. हे जहाज बिचारे जन्मभर पाण्यातच राहते आणि आपल्या पोटातली माणसे तेवढी जमिनीवर सोडते. तेव्हा बेडकापेक्षा याला पिल्ले पोटात घेऊन हिंडणारी कांगारूची आई म्हणणे मला अधिक शोभले असते. पण परिभाषा ठरविताना मराठीच्या प्राध्यापकाला विचारतो कोण?

आत शिरलो आणि प्रथम डोळ्यांना काही दिसेना. मग हळूहळू एक प्रचंड दालन आकाराला आले. ही विमाने ठेवण्याची जागा, हँगर. माथ्यावर नळ आणि तारांचे जाळे, पायाखाली पोलाद, आणि तेलाचा, रंगाचा व कॉफीचा मिळून झालेला एक वास. संपूर्ण जहाजाची लांबी सुमारे २५७ मीटर. आपल्या बारा डब्यांच्या लोकलएवढी म्हटले म्हणजे मुंबईकरांच्या नीट ध्यानात येईल. मात्र ही लोकल बत्तीस मीटर रुंद आहे आणि तिला अनेक मजले आहेत. चालते ती अजून वाफेवर: दोन बॉयलर आणि सत्तर हजार अश्वशक्तीच्या टर्बाइन. जिच्यावर अत्याधुनिक जेट विमाने उतरतात तिच्या पोटात माझ्या आजोबांच्या काळासारखी वाफ कोंडलेली असावी, ही गोष्ट मला फार आवडली. सामान हलवायला आत छताला टांगलेली एक मोनोरेलसुद्धा आहे. आमच्या चेंबूरच्या मोनोरेलची मला आठवण झाली, पण मी गप्प राहिलो.

या जहाजाचे खरे मर्म मात्र विमानांच्या दालनात नाही. ते खाली, शेपटीकडे आहे. तिथे एक लांबोळके दालन आहे. लांबी सुमारे एक्याऐंशी मीटर, रुंदी पंधरा मीटर, आणि त्याला मागच्या बाजूने अवाढव्य दार. सैनिक उतरवायची वेळ आली की जहाज आपल्या टाक्यांत सुमारे पंधरा हजार टनांपर्यंत समुद्राचे पाणी भरून घेते. त्यामुळे मागचा भाग खाली बसतो, दार उघडते, समुद्र आत येतो. जहाजाच्या पोटात तळे! आणि त्या तळ्यातून होड्या रणगाडे आणि माणसे घेऊन बाहेर पडतात. हवेच्या गादीवर चालणारी तीन हॉवरक्राफ्ट या दालनात मावतात. ती पाण्यावरून ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर वेगाने धावतात आणि न थांबता तशीच वाळूवर चढतात.

मी त्या दालनाच्या वरच्या कठड्याशी पुष्कळ वेळ उभा होतो. सोन्याला वाटले, मामा दमला. खरे म्हणजे मला वेंगुर्ल्याचे आजोबा आठवत होते. त्यांच्या तरुणपणी मुंबईहून कोकणात जायला आगबोट होती. आजोबा सांगत, "अरे, बोटीचा प्रवास काय, झोपून होतो. खरं संकट बंदर दिसायला लागल्यावर!" आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. तिथून हेलकावणाऱ्या पडावात उडी मारायची, पडाव उथळ पाण्यात अडला की कुणाच्या तरी खांद्यावर बसून किनारा गाठायचा. आजीचे लुगडे, ट्रंक आणि फणस हे तिन्ही कोरडे उतरले तर प्रवास सुखाचा. सगळा समुद्र ओलांडलेला असतो आणि माणूस शेवटच्या शंभर हातांत भिजतो.

सैनिकांचेही हेच दुखणे. फरक एवढाच की किनाऱ्यावर त्यांना घ्यायला आलेली माणसे बंदुका घेऊन आलेली असतात. १९४३ च्या नोव्हेंबरात पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर अमेरिकन मरीन उतरले तेव्हा भरतीचे पाणी पुरेसे चढले नाही. होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या. मग त्या पोरांनी डोक्यावर बंदुका धरून छातीभर पाण्यातून शेकडो यार्ड चालत जायचे आणि समोरून जपानी तोफांनी त्यांना टिपायचे, असे चालले. तीन दिवसांच्या त्या लढाईत सुमारे एक हजार अमेरिकन मेले, आणि बेटावरचे जवळजवळ सगळे जपानी मेले. त्या किनाऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे या जहाजातली प्रत्येक वस्तू कशासाठी आहे ते कळते. प्रवाळावरून जाता यावे म्हणून हवेवर चालणारी होडी. होडीच नको म्हणून हेलिकॉप्टर. १९५६ साली सुएझच्या लढाईत ब्रिटिशांनी सुमारे चारशे सैनिक दीड तासात जहाजांवरून हेलिकॉप्टरने पोर्ट सैदला उतरविले, आणि तेव्हापासून ही रीत पडली. वरून संरक्षण हवे म्हणून जेट.

हे सगळे तिथल्या फलकांवर थोडक्यात लिहिलेले होते. वाफेचा दाब, होडीचा वेग, तोफेचा पल्ला. किनाऱ्यावर आधीपासून जी माणसे राहत असतात त्यांचा उल्लेख मात्र मला कुठल्याच फलकावर सापडला नाही. आम्ही कोकणातली माणसे. समुद्रातून परकी गलबते येताना पाहायचे ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाळूवर उभे राहून पाहिलेले आहे.

मग आम्ही उड्डाणाच्या डेकवर गेलो. वर येताच ऊन, वारा आणि समोर न्यूयॉर्कच्या इमारतींची रांग. डेकवर हेलिकॉप्टरे उभी होती. त्यांत एक ऑस्प्रे होते. हे यंत्र पंखांच्या टोकांवरचे पंखे आकाशाकडे करून हेलिकॉप्टरासारखे उडते आणि मग तेच पंखे पुढे वळवून विमानासारखे जाते. माहिती देणाऱ्या पोराने ते पंख कसे दुमडतात हे हातांनी इतक्या प्रेमाने दाखविले की आपल्या वासराविषयी सांगणाऱ्या शेतकऱ्याची मला आठवण झाली. तो कॅन्सासचा होता. कॅन्सासच्या चहूबाजूंना जमीनच जमीन आहे. नौदलात येईपर्यंत आपण समुद्र पाहिलेला नव्हता असे तो म्हणाला. "मग आता कसा वाटतो?" मी विचारले. "मोठा आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

जेट विमान त्या दिवशी मला डेकवर एकही दिसले नाही. सोन्याचा चेहरा उतरला. पण नसलेल्या विमानाविषयीसुद्धा त्याने मला पाऊण तास सांगितले. मोठ्या विमानवाहू नौकेवर विमानाला गोफणीतल्या दगडासारखे भिरकावून देणारी यंत्रे असतात. इथे तसले काही नाही. डेक सरळ, सपाट. म्हणून इथे चालते ते थोडेसे धावून उडणारे आणि सरळ खाली उतरणारे जेट. आधी हॅरियर आले. हे नाव आपल्याकडच्या वाचकांना नवे नाही. आपल्या 'विराट'वर सी हॅरियरच होती, आणि ती 'विराट' आपल्याकडे १९८७ साली येण्यापूर्वी ब्रिटिशांची 'हर्मीस' होती, तिनेही काही वर्षे कमांडो सैनिक आणि हेलिकॉप्टरे वाहण्याचे हेच काम केले होते. हॅरियरनंतर आले एफ-३५बी. वैमानिकाच्या पाठीमागे एक भलामोठा पंखा, शेपटीकडचे नळकांडे खाली वळणारे, आणि या दोहोंच्या जोरावर पंधरा-वीस टनांचे ते धूड हवेत थांबते आणि पायरी उतरावी तसे खाली येते. समुद्रातल्या जहाजावर ते असे पहिल्यांदा उतरले २०११ च्या ऑक्टोबरात, आणि ते याच 'वास्प'च्या डेकवर. त्याच्या झोताची आच एवढी की साध्या लेपाचा टिकाव लागेना. डेकवर उष्णता सोसणारा नवा लेप द्यावा लागला. सोन्या गुडघ्यावर बसला आणि त्याने त्या खरखरीत लेपावरून तळहात फिरविला. देवळाच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावावा, तसा तो हात त्याच्या नकळत वर गेला, आणि मी पाहतो आहे हे दिसताच त्याने डोके खाजविल्याचे निमित्त केले.

या जातीची आठ जहाजे बांधली गेली. त्यांतले एक, 'बॉनोम रिशार', २०२० च्या जुलैत सॅन डिएगोच्या बंदरात दुरुस्तीसाठी बांधलेले असताना पेटले. चार दिवसांहून अधिक जळत होते. नव्या जेटसाठीच त्याची डागडुजी चालली होती. शेवटी ते भंगारात काढावे लागले. आता इतर देशांनाही अशा जहाजांची हौस आहे. स्पेन, इटली, तुर्कस्तान, चीन, ज्याने त्याने आपापल्या परीने ती बांधली आहेत. आपल्या नौदलाकडे जेट वाहणारे असे जहाज नाही. पोटात तळे असलेले मात्र आहे: अमेरिकेकडून २००७ साली घेतलेले 'जलाश्व'. नाव भारदस्त आहे. त्याचे साध्या मराठीत भाषांतर करून पाहावे म्हणजे पाणघोडा हाती लागतो. थट्टा सोडून देऊ. करोनाच्या दिवसांत, २०२० च्या मे महिन्यात, याच 'जलाश्व'ने मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना कोचीला आणून सोडले. 'वास्प'नेही अशी कामे केली आहेत. २००७ साली निकाराग्वात आणि २०१७ साली डॉमिनिका बेटावर चक्रीवादळे झाली तेव्हा तिच्या हेलिकॉप्टरांनी मदत पोचविली. लढाईत माणसे उतरविण्याची सगळी साधने पुरात माणसे उचलायलाही उपयोगी पडतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

हँगरच्या एका कोपऱ्यात वैद्यकीय पथकाचे टेबल होते. तिथे गर्दी कमी होती. एक तरुण मुलगी रबराच्या हातावर रक्त थांबविणारा पट्टा कसा आवळायचा ते दाखवीत होती. वयाने माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींएवढी. मी तिला विचारले, जहाजावर दवाखाना केवढा आहे? ती म्हणाली, शस्त्रक्रियेच्या खोल्या सहा. नेहमीच्या खाटा साठेक. पण वेळ आली तर सुमारे सहाशे जखमींची सोय होईल अशी जहाजाची रचना आहे.

"सहाशे?" मी म्हणालो. "एवढी जागा कुठे आहे?"

"मरीन किनाऱ्यावर गेले की त्यांच्या झोपण्याच्या जागा रिकाम्याच असतात ना," ती म्हणाली. मग तिने सहज हाताने दाखविले: एकावर एक तीन पलंग, मध्ये एवढे अंतर. तिचा एक हात दुसऱ्या हातावर असा धरलेला होता की मधून मी माझे पाठ्यपुस्तक उभे सरकवू शकलो असतो की नाही याची मला शंका आहे.

'वास्प'वर सुमारे सतराशे मरीन मावतात. सतराशे जाणार, सहाशेंची परत येण्याची तयारी. कुणा शहाण्या माणसाने जहाजाचा आराखडा काढताना, लोखंडाचा एक तुकडाही जोडला जाण्यापूर्वी, कागदावर हे गणित मांडले असणार. आणि ज्या पलंगावरून पोर सकाळी उठून गेले, संध्याकाळी त्याला त्याच पलंगावर आणून निजवायचे. माझे लक्ष सोन्याकडे गेले. तो रबराच्या हातावर पट्टा आवळून पाहत होता, आणि ती मुलगी "आणखी घट्ट, आणखी घट्ट" म्हणत होती.

आम्ही पुन्हा वर डेकवर आलो आणि नदीकडे तोंड करून उभे राहिलो. पलीकडे न्यू जर्सीचा किनारा दिसत होता. बोलायचे तर आता, असे मी मनाशी ठरविले. वर्गात तास घ्यायचे म्हटले की मला शब्द कमी पडत नाहीत. इथे घसा कोरडा पडला.

"सोन्या, तुझ्या मनात हे आलं कुठून?"

त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "मामा, तूच ना!"

"मी?"

"तू मला सिंधुदुर्गला तीन वेळा नेलंस. प्रत्येक वेळी गोष्ट सांगितलीस. किल्ला कसा बांधला, पायात शिसं कसं ओतलं. कान्होजी आंग्रे. तू म्हणालास, ज्याचं समुद्रावर कोणी नाही त्याचं जमिनीवर पण काही नाही. मी सहा वर्षांचा होतो. मला पाठ आहे."

मालवणच्या होडीत माझ्या मांडीवर बसून ते ऐकणारे पोर मला आठवले. मी सांगत होतो ती गोष्ट होती. ऐकणारा ती गोष्ट म्हणून ऐकत नव्हता.

"अरे, पण ते आपलं होतं," मी म्हणालो.

"हे माझं आहे," सोन्या म्हणाला. आवाज न चढविता म्हणाला. "मी इथे जन्मलो, मामा."

यावर मजजवळ उत्तर नव्हते. शेवटी मी त्याला सहाशे पलंगांचे सांगितले. सांगताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. लहान मुलाला बागुलबोवा दाखवावा तसे ते होते.

"आय नो," तो म्हणाला. मग मराठी शब्द शोधीत थोडा थांबला. "मला ते आधीच माहीत होतं. पण मामा, पलंग नसते तर तुला बरं वाटलं असतं का?"

नदीवरून एक फेरीबोट गेली. तिच्यावरची माणसे आमच्याकडे पाहून हात हलवीत होती. सोन्यानेही हात हलविला. मग त्याने मला भूक लागली का विचारले, आणि आम्ही खाली उतरून धक्क्याबाहेरच्या गाडीवर उभे राहून दोन-दोन सँडविचे खाल्ली. त्याने माझे पैसे दिले. आपल्या कमाईचे, असे म्हणाला. तो शनिवार-रविवार एका दुकानात काम करीत असे.

घरी पोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. सोन्या वर खोलीत गेला.

"बोललास?"

"बोललो."

"मग?"

मी तिला मोनोरेलचे सांगितले, पोटातल्या तळ्याचे सांगितले, कॅन्सासच्या पोराचे सांगितले. आजोबांच्या पडावाची आठवण निघाली तेव्हा ती हसलीसुद्धा. सहाशे पलंगांचे मी तिला सांगणार नव्हतो. पण बहिणीसमोर खोटे बोलायला मी लहानपणापासून कच्चा आहे. तीन पलंगांची उतरंड आणि मधले अंतर मी हातांनी दाखविले. दवाखान्याचे बोललो नाही. तिने माझ्या दोन हातांमधल्या त्या फटीकडे पाहिले आणि कणीक मळायला घेतली. मेहुणे बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहत होते. टीव्हीचा आवाज मुळीच नव्हता.

मी भारतात परत आलो तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. निघालो तेव्हा कागद फ्रिजवर तसाच होता. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, पावसाची चौकशी झाली, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "सही केली रे मी." का केली ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

सोन्या दक्षिण कॅरोलिनातल्या पॅरिस आयलंडला तेरा आठवड्यांच्या शिक्षणाला गेला. ते संपल्याच्या समारंभाला दोघे नवराबायको जाऊन आली. फोटो पाठविले. त्यांत मुलगा मला ओळखू आला नाही. बहीण ओळखू आली, कारण ती दर फोटोत कॅमेऱ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहत आहे. आता तो जहाजावर असतो. कोणत्या, ते ती सांगत नाही आणि मी विचारीत नाही. मधून मधून त्याची चिठ्ठी येते, चार ओळींची. जेवण बरे आहे, काळजी करू नको.

गेल्या महिन्यात रात्री उशिरा तिचा फोन वाजला. तिकडे दुपार असावी. मला वाटले, काही झाले. काही झाले नव्हते.

"दादा, तू त्या बोटीवरचे पलंग दाखवले होतेस ना हातांनी?"

"हो."

"लांबी किती असेल रे त्यांची?"

"सहा-सव्वासहा फूट असेल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि उठून बसता येतं का त्यात?"

"नाही," मी म्हणालो. "बसता येत नाही. आडवंच व्हावं लागतं."